पंपाचा घसा

मे महिन्यातला दुसरा सोमवार. पहाटे पाचला कुंडलिकनं नेहमीसारखा पंपाचा खटका दाबला आणि पंपाच्या पोटात कुणी घमेलंभर खडी ओतावी तसा आवाज उठला. खडखड, खडखड, मध्येच कोरडी घरघर, पुन्हा खडखड. कुंडलिकनं पंप बंद केला. दहा आकडे मोजले. पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

"काय मोडलं ओ?" शकुनं अंथरुणातूनच विचारलं.

"मोडलं न्हाई काय. आवाज करायलाय."

"त्ये तर मलाबी कळायलंय. पार मिठागरापातूर कळलं आसंल."

मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडं उतरत जाणाऱ्या रस्त्यावर ही चार मजल्यांची इमारत होती. इमारत नवी, विहीर जुनी. इथं भाजीपाल्याची वाडी होती त्या काळातली. वाडी गेली, तिच्यावर सोळा बिऱ्हाडं उभी राहिली, विहीर तेवढी आवारात कोपऱ्यात राहिली, आणि बरं झालं राहिली. महापालिकेचं पाणी सकाळी तासभर यायचं, तेही उन्हाळ्यात करंगळीएवढ्या धारेनं. मग धुणंभांडी, आंघोळी सगळं विहिरीवर. मे महिन्यात तर प्यायलाही लोक विहिरीचंच पाणी उकळून घेत. हे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं काम कुंडलिकचं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. पंपाच्या खोलीला चिकटून पत्र्याची एक खोली होती, ती कामासोबत मिळालेली. बीडकडचं गाव सोडून आल्यापासून कुंडलिक, त्याची बायको शकु आणि आई सुंदराबाई तिथंच राहत होती. काम आहे तोवर खोली आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यावर बोलायची वेळ कधी आली नव्हती.

पंपाच्या भिंतीपलीकडं तळमजल्यावर मार्तंडराव राहायचे. सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची खिडकी धाडकन उघडली.

"कुंडलिक! काय चालवलंयस हे? भाऊ दचकून उठले ना!"

भाऊ म्हणजे मार्तंडरावांचे वडील. छातीच्या दुखण्यानं पंधरा दिवस इस्पितळात काढून नुकतेच घरी आले होते. त्यांची खाट नेमकी त्या भिंतीला लागून.

"बघतो साहेब. आजच बघतो."

"बघतो काय? बंद कर आधी."

"बंद केलं तर टाकी भरायची न्हाई."

मार्तंडरावांनी खिडकी लावून घेतली. उकाड्याच्या दिवसांत लावलेली खिडकी कुंडलिकला शिवीसारखी लागली.

टाकी भरायला त्या दिवशी पावणेदोन तास लागले. कुंडलिकनं ते पाहिलं, पण आवाजाच्या काळजीपुढं त्याचं तिकडं मन गेलं नाही.

उन्हं वर आली तसा तो पाने घेऊन बसला. यंत्र आवाज करायला लागलं की आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं, अशी त्याची रीत होती. नाहूरच्या एका कारखान्यात दोन वर्षं हेल्परी केली तेव्हा एका म्हाताऱ्या फिटरनं त्याला ती लावली होती. पंप ज्या चौथऱ्यावर बसवला होता त्याचे चार बोल्ट. दोन ढिले निघाले. कुंडलिकला हायसं वाटलं. त्यानं जुन्या टायरचे तुकडे कापले, पंपाखाली घातले आणि अंगाचा भार टाकून बोल्ट आवळले. पाना सटकून अंगठ्याचं साल गेलं. त्यानं अंगठा तोंडात घातला, ग्रीसची आणि रक्ताची चव एकदम आली.

संध्याकाळी चारला खटका दाबला. चौथरा हलायचा थांबला होता. आवाज होता तसाच.

"आता तर जास्तच स्पष्ट येतोय," खिडकीतून मार्तंडराव म्हणाले.

मंगळवारी त्यानं ग्रीस भरलं. त्याच रात्री टाकी शिगोशिग भरून ठेवली आणि बुधवारी दिवसभर पंप उघडून बसला. दुपारच्या उन्हात पत्रा तापून खोलीत थांबवत नव्हतं, म्हणून सुंदराबाई विहिरीच्या कठड्याच्या सावलीत ज्वारी निवडत बसली होती. कुंडलिकनं बेअरिंग काढलं, घासलेटात धुतलं, कानाशी धरून फिरवलं. साखर चाळल्यासारखा आवाज आला असता तर बेअरिंग गेलं म्हणायचं. तसा आवाज नव्हता. आतलं चक्र काढून पाहिलं. पाती शाबूत. एकाला बारीक खड्डे पडले होते, मुंग्यांनी खाल्ल्यासारखे. ते त्यानं बोटानं चाचपलं आणि ठेवून दिलं.

"मायंदळ तुकडं केलेस रं," सुंदराबाई म्हणाली. "बसंल का परत समदं?"

"बसतंय. काढलं त्या उलट्या क्रमानं घालायचं आसतं."

"आन् खोट कशात हाय मग?"

"त्येच तर घावंना."

"पाणी तर चांगलं यायलंय की. काचंवानी. एक कण न्हाई त्यात."

कुंडलिकनं मान डोलवली. पाण्याचं कौतुक ऐकायची ती वेळ नव्हती.

त्या संध्याकाळी पंप पुन्हा खडखडला आणि मार्तंडराव स्वतः बाहेर आले. पायात चपला, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. ते ओरडले नाहीत. त्यामुळेच कुंडलिक जास्त घाबरला.

"हे बघ कुंडलिक. मी काय वाईट माणूस नाही. पण भाऊंना डॉक्टरनं झोप सांगितलीय, आणि रोज दोनदा हा तमाशा. मी एका कंत्राटदाराशी बोललोय. रविवारी दहाला त्याचा माणूस येतोय. नवा पंप बसवणार, पुढची देखभालही तेच करणार."

"मग मी, साहेब?"

मार्तंडरावांनी वर्तमानपत्राची घडी आणखी लहान केली. "त्यांचा माणूस इथं राहणार. त्यांची तशी अटच आहे."

"रविवारपातूर मी आवाज थांबवला तर?"

"तर बघू," मार्तंडराव म्हणाले. पण ते म्हणताना त्यांची नजर खोलीच्या पत्र्याकडं होती.

शकु दुसऱ्या मजल्यावर सुगंधाबाईंकडं धुणंभांडी करायची. गुरुवारी सकाळी ती भांड्यांना बसली तर नळाची धार दोऱ्यासारखी.

"काय गो शकु," सुगंधाबाई ओट्यापासून म्हणाल्या, "तुझो घोव पंप चालयता की दगड फोडता?"

शकु हसली. हसावं लागलं.

"चार दिस झाले, माझ्या टाकीत अर्धाच पाणी. नि आवाज बघशील तर असो, जसो कोण डांबरी रस्तो खणता." मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरा काय गो ता? नवो माणूस येतलो?"

"कुणाला ठावं."

"बघ बाय. माका काय, कोण चढवता त्याचा काय. माका पाणी होया."

शकु खाली आली आणि हे तिनं नवऱ्याला सांगितलं. "अर्धंच पाणी" एवढंच सांगितलं, बाकीचं गिळलं. कुंडलिक म्हणाला, "उन्हाळा हाय. हिरीचं पाणी खाली गेलंय." ते खरंही होतं.

शुक्रवारी दुपारी कंत्राटदाराचा माणूस आला, दोन दिवस आधीच. बाळा त्याचं नाव. तिशीचा, खिशाला पेन, हातात मोजपट्टी. पंप बघायला म्हणून आला, पण पंपाकडं एकदाच पाहिलं. मग खोलीच्या दारात उभा राहिला. आत सुंदराबाई ताटलीत भाकर कुस्करून बसली होती.

"आजी, जरा सरकता का? माप घ्यायचंय."

"कशाचं माप?"

"खोलीचं. माझी खाट बसते की नाही ते बघतो."

तो बुटांसकट आत आला. सुंदराबाई ताटली घेऊन भिंतीकडं सरकली, आणखी सरकली. मोजपट्टीचं पातं तिच्या गुडघ्यावरून पलीकडच्या भिंतीला टेकलं. ती तशीच, घास हातात धरून, माप होईस्तोवर हलली नाही. बाळानं पट्टी गुंडाळली, आकडा तळहातावर लिहिला आणि जाताना "जेवा, जेवा" म्हणाला.

कुंडलिकनं हे गच्चीवरून पाहिलं. तो टाकीची पातळी बघायला गेला होता. खाली येईस्तोवर बाळा गेला होता आणि सुंदराबाईनं भाकर झाकून ठेवली होती.

"खा की."

"भूक मेली."

शनिवारी पहाटे खटका दाबायच्या आधी कुंडलिक बराच वेळ पंपापुढं उकिडवा बसून राहिला. बोल्ट झाले, ग्रीस झालं, बेअरिंग झालं. त्या म्हाताऱ्या फिटरनं आणखी काय सांगितलं होतं? यंत्र बोलत असतं, आपण त्याला मध्येच तोडायचं नाही, असं काहीतरी.

त्यानं पंप चालू केला आणि पहिल्यांदाच नुसतं ऐकलं. मग वर टाकीकडं जाणाऱ्या पाईपावर पंपापाशीच एक कॉक होता, तो हळूहळू बंद करत आणला. पाव बंद. अर्धा बंद. आणि खडखड कमी झाली. त्यानं कॉक पुन्हा उघडला. खडखड वाढली. पुन्हा अर्धा बंद केला. पंप मांजरासारखा घुरघुरू लागला.

वर कमी पाणी सोडलं की पंप शांत. जास्त मागितलं की ओरडतो. म्हणजे पंप धड आहे. त्याला खालून पाणी पुरत नाही. भुकेलं पोर रिकामी वाटी चाटतं, तसा तो पाण्याच्या जागी पोकळी ओढतोय आणि ती त्याच्या पोटात फुटतेय. पात्यावरचे ते बारीक खड्डे त्याचेच. टाकी भरायला दुप्पट वेळ, सुगंधाबाईंकडं अर्धी टाकी, सगळं एकाच जागी येऊन मिळालं. दोष पंपाच्या पोटात नव्हता, घशात होता. विहिरीत सोडलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पाईपाच्या तळाशी, जिथं पाईपातलं पाणी परत खाली उतरू न देणारा फूटव्हॉल आणि त्याची जाळी.

पण फूटव्हॉल तर त्यानं स्वतः शिमग्याला काढून त्यात नवा वायसर घातला होता. स्वतःच्या हातानं. म्हणूनच पाच दिवस त्याचं तिकडं लक्ष गेलं नव्हतं. आपण केलेलं काम आपण परत कशाला तपासू?

"साहेब, मला आज दोन तास पंप बंद ठेवून हिरीत उतरू द्या," त्यानं खिडकीशी जाऊन सांगितलं.

"आज? आज तिसऱ्या मजल्यावर साखरपुडा आहे. पाणी बंद झालं तर माझं डोकं खातील." मार्तंडराव थांबले. "काय करायचं ते उद्या दहाच्या आत कर."

रविवारी पहाटे पंप बंदच ठेवला. सकाळी आठला शकुनं दोराचं एक टोक गुलमोहराच्या बुंध्याला दोनदा वेटाळलं आणि दुसरं कुंडलिकच्या कमरेला बांधलं. गाठ तिनं ओढून पाहिली, मग परत ओढून पाहिली.

"लोखंडी पायऱ्या गंजल्यात," ती म्हणाली.

"पहिल्या सात बऱ्या हायत. पुढं भिंतीला धरून."

सुंदराबाई कठड्याशी आली. "कुठं चाललास?"

"जाळी बघाया. पाण्याला कायतरी आडवं आलंय."

सुंदराबाई कठड्याचा दगड हातानं पुसत राहिली.

विहिरीत गारवा होता आणि शेवाळाचा वास. पंधरा हात खाली पाणी लागलं. छातीइतकं. हिवताप खात्याच्या लोकांनी सोडलेले बारके मासे त्याच्या पोटऱ्यांना लुचू लागले. वर आभाळाचा तवा आणि त्याच्या काठावर शकुचं डोकं. कुंडलिकनं पाईपाला धरलं, दम घेतला आणि बुडी मारली.

हाताला जाळी लागायला हवी होती. लागलं ते बुळबुळीत, फुगलेलं, घोंगडं भिजल्यासारखं. त्यानं हात मागं घेतला. वर येऊन दम घेतला. पुन्हा खाली गेला. या वेळी त्यानं बोटांनी नीट चाचपलं. कापड. दोन पदरी. वर सुतळीचे वेढे, आणि त्यांची गाठ. ती गाठ त्याच्या बोटांनी ओळखली. आधी डावा फास, मग त्यातून दोनदा काढलेलं टोक. कडब्याच्या पेंढ्या अशाच बांधायची आई.

तो वर आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

शिमग्याचा तो दिवस त्याला आठवला. शकु कामावर होती. तो पंपाच्या बाजूनं जोड बसवत होता आणि आई पाईपाचं खालचं टोक कठड्यावरून सोडत होती. "सोडू का?" "थांब जरा." "आता सोडू का?" "सोड." त्या "थांब जरा"मध्ये तिनं ते बांधलं होतं. कशासाठी, हे त्याला विचारावं लागलं नाही. गावाकडं बारवेच्या पाण्यात नारूचा जंत होता. कुंडलिक लहान असताना तो आईच्या घोट्यातून निघाला होता, हातभर, रोज काडीला गुंडाळून दीड महिना ओढला होता. मग गाडीतून आलेल्या डॉक्टरीणबाईनं प्रत्येक बाईच्या हातात कापड दिलं आणि सांगितलं, गाळल्याबिगर थेंब पिऊ नका, पोरांना देऊ नका. आईनं ते मंत्रासारखं धरलं होतं. पहिले दोन महिने कापडातून पाणी येत राहिलं. मग शेवाळ चढलं, पाणी उतरलं तसा गाळ बसला, आणि घसा आवळला गेला.

कमरेला खोचलेला विळा काढून त्यानं पुन्हा बुडी मारली. सुतळी कापायला चार हिसके पुरले. कापड सुटून हातात आलं. जांभळ्या काठाचं लुगडं. त्याचा अर्धा भाग.

आता हे एका दगडाला बांधून तळात सोडलं तर कुणाला कळणार होतं? पायाशीच दगड होता. कुंडलिकनं तो पायानं उचलून हातात घेतलाही. पंप शांत होईल. आईचं नाव येणार नाही.

आणि मार्तंडराव विचारतील, काय होतं? काही नव्हतं, असं सांगितलं तर म्हणतील, काही नव्हतं तर उद्या पुन्हा ओरडेल. बाळा मोजपट्टी घेऊन वर उभाच असेल. दुखणं दाखवल्याशिवाय बरं झालं असं कोण मानतं? आणि आई, तिला न सांगता ठेवलं तर पुढच्या शिमग्याला ती उरलेला अर्धा बांधेल.

त्यानं दगड सोडून दिला. लुगड्याचा पिळा गळ्यात टाकला आणि भिंतीला धरून वर चढू लागला.

तो कठड्यावर आला तेव्हा दहा वाजायचे होते, पण माणसं आली होती. मार्तंडराव, बाळा, गॅलऱ्यांमधून वाकलेले चेहरे. सुगंधाबाई रिकामी बादली घेऊन खालीच उतरल्या होत्या.

"हे होतं साहेब," कुंडलिक म्हणाला आणि लुगडं कठड्यावर टाकलं. काळपट पाणी दगडावरून ओघळलं. "जाळीला गुंडाळलं होतं. आता आवाज येणार न्हाई."

मार्तंडरावांनी वाकून पाहिलं. "जाळीला? आपोआप गुंडाळलं गेलं?"

"न्हाई. बांधलं होतं."

"कुणी?"

कुंडलिकच्या केसांतून पाणी गळत होतं. ते त्यानं पुसलं नाही. "आमच्या घरचं हाय."

"म्या बांधलं," मागून सुंदराबाई म्हणाली. ती पुढं आली. "पाणी गाळून यावं म्हून. समद्यांलाच. लेकरंबाळं पित्यात."

गॅलऱ्यांतले चेहरे एकमेकांकडं वळले. मग पहिल्या मजल्यावरून एक बाई म्हणाली, "अगंबाई! म्हणजे दोन महिने आपण..." आणि तिनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी गॅलरीतून खाली थुंकलं. शकुनं वर पाहिलं, पण कोण ते कळलं नाही.

"तुझं नेसतं लुगडं?" मार्तंडराव म्हणाले. "आमच्या पिण्याच्या पाण्यात? काही अक्कल?"

"धुतलं होतं ओ. दोनदा. उकळत्या पाण्यात घातलं होतं."

"धुतलं होतं!"

"तिकडं समदे तसंच करत्यात. डागदरीणबाईनं शिकवलं." सुंदराबाईनं नेसलेलं लुगडं घोट्याच्या वर ओढलं. घोट्यावर काळा, दबलेला व्रण होता. "ह्यातून जनावर निघालं माझ्या. म्हून."

कुणी त्या घोट्याकडं बघेना. तिनं लुगडं सोडलं.

"विहीर उपसून घ्यायला हवी," पहिल्या मजल्यावरची बाई म्हणाली. "आधी उपसा करा, मग पाणी."

"हो, हो, उपसा," दोनतीन आवाज आले.

बाळानं विहिरीत डोकावून पाहिलं. "उपसा करा, माझं काय जातं. पण झरा बारीक आहे. छातीभर पाणी जमायला पंधरा दिवस लागतील. मे महिना चाललाय."

प्रत्येक घरात त्या वेळी नळ कोरडे होते आणि न धुतलेली भांडी साठली होती. पहिल्या मजल्यावरची बाई आत निघून गेली. पुन्हा उपशाचं नाव कुणी काढलं नाही.

मार्तंडराव घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. कुंडलिक, तू प्रामाणिकपणे सांगितलंस, मी लक्षात ठेवीन. आवाज थांबला असेल तर तू राहा. खोलीही राहू दे." बाळानं त्यांच्याकडं चमकून पाहिलं. "फक्त म्हातारीला गावाला पाठव. या आठवड्यात. विहिरीजवळ असलं माणूस नको. लोकांना किळस आलीय, तू बघतोयस."

सुंदराबाईला सगळं ऐकू आलं होतं. तिनं कठड्यावरचं लुगडं उचललं आणि पिळायला घेतलं. हातांत जोर नव्हता. पीळ पडेना.

कुंडलिकनं शकुकडं पाहिलं. शकु दोराचा वेढा हातात धरून उभी होती. मग तिनं दोर खाली टाकला आणि सासूच्या हातातलं लुगड्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून पिळलं.

कुंडलिकनं करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली. पंपाच्या खोलीची. ती त्यानं पंपाच्या पाठीवर ठेवली, आणि चौथऱ्याशी जमिनीवर जाऊन बसला.

"काय हे?" मार्तंडराव म्हणाले.

"पाणी तुमी चढवा, साहेब. आई जाणार आसंल तर तिघंबी जातो."

"अरे, मी तुझ्या भल्याचं सांगतोय!"

कुंडलिकच्या ओल्या चड्डीखाली जमीन भिजत होती. बाळानं पंपाचा खटका दाबून पाहिला. पंप फिरला, पण रिकामा. पाणी येईना.

"व्हॉल हलवलाय, पाईपातलं पाणी खाली उतरलंय," बाळा म्हणाला. "पंप भरून हवा काढावी लागेल." त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग मनगटातल्या घड्याळाकडं. "मला नवीन पंप बसवायला बोलावलं होतं साहेब. बसवायचा नसेल तर मी निघतो. मुलुंड कॉलनीत दुसरं काम आहे." आणि तो खरंच निघाला.

साडेदहा झाले. ऊन आवारात उतरलं. वरून कुकरची शिट्टी झाली, एक पोर रडलं, कुणीतरी कोरडा नळ उघडून तसाच ठेवला होता त्यातून हवेची फुसफुस येत होती.

"मार्तंडराव," सुगंधाबाई बादली आपटत म्हणाल्या, "म्हातारेक खंय धाडतास ता मगे ठरवा. माझ्या घरात माशे साफ करून ठेवलेत ते वासाक लागतले."

"अहो, तुम्हीच मघाशी..."

"मी काय बोललंय? मी थुकलंय नाय. माका पाणी होया."

मार्तंडरावांनी वर पाहिलं. गॅलऱ्यांत आता तीनच चेहरे राहिले होते आणि तिघांच्याही हातात रिकामी भांडी होती. आतून भाऊंचा खोल, खरखरीत आवाज आला. "मार्तंडा, पाणी केव्हा येणार रे? मला आंघोळ घालायचीय ना?"

मार्तंडरावांनी किल्ली उचलली. हातात खेळवली. मग ती कुंडलिकपुढं धरली, पण त्याच्याकडं न बघता.

"चालू कर."

"आई कुठं जाणार न्हाई."

"चालू कर म्हटलं ना."

कुंडलिक आणखी दोन क्षण बसून राहिला. मग त्यानं किल्ली घेतली. उठला. पंपाच्या डोक्यावरचं बूच पान्यानं काढलं, शकुनं कळशी आणली, आणि तो नरसाळ्यानं पाणी ओतू लागला. बुडबुडे येत होते. एक कळशी गेली. दुसरी गेली. तिसरीला पाणी काठाशी येऊन स्थिर उभं राहिलं, बुडबुडा नाही. त्यानं बूच आवळलं आणि खटका दाबला.

पंप गुरगुरला, आणि तेवढाच. कुंडलिकनं त्याच्या अंगावर तळहात ठेवला. अंग गार होतं, थरथर बारीक आणि सारखी. वर चार मजल्यांवर टाकीत पहिली धार पडली, ती खाली आवारात ऐकू आली. सुगंधाबाई बादली घेऊन जिना चढायला लागल्या.

मार्तंडराव घरात गेले. खिडकी मात्र त्यांनी उघडी ठेवली.

सुंदराबाईनं पिळलेलं लुगडं तारेवर टाकलं, उलगडलं, मध्ये विटलेला भाग हातानं ताणून पाहिला. मग ती पंपाच्या खोलीच्या दाराशी आली.

"कुंडल्या."

"काय?"

"आता ह्ये कुठं बांधू?"

कुंडलिक वळला. ती खरंच विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण हट्ट तिच्याहून मोठा होता.

"आपल्या नळाला," तो म्हणाला. "आपल्या घरच्या. बाहेरच्या बाजूनं. आन् दर शनिवारी सोडून धुवायचं."

"आन् ह्या बाकीच्यांचं?"

वर सोळा घरांत नळ उघडत होते, एकापाठोपाठ. कुंडलिकनं पंपावरचा हात काढला नाही.

"त्यांचं त्ये बघतील, आई."